एक सूत कमी

१

उल्का देशपांडेंनी पडदा बाजूला सारला आणि हात तसाच वर धरून त्या उभ्या राहिल्या. चौदाव्या चौकटीत काच होती, चित्राभोवती बसणारं जाड कागदाचं माउंट होतं, मागचा तपकिरी पुठ्ठा होता. पान नव्हतं.

सकाळचे अकरा वाजले होते. तेलीबांध्याच्या तळ्याकडे तोंड केलेल्या त्या दालनात संध्याकाळी पाचला प्रदर्शन उघडायचं होतं. सत्तर वर्षांपूर्वीच्या विलायती मासिकांमधल्या, लहान मुलांच्या कपड्यांच्या आणि बुटांच्या जाहिराती. बाकीच्या तेरा चौकटींत सगळं जागच्या जागी होतं. मखमली कॉलरचा कोट घातलेला गुबगुबीत मुलगा, गुडघ्यापर्यंत मोजे ओढणाऱ्या दोघी बहिणी, लोकरीच्या टोपड्यातलं तान्हं पोर, रेनकोट घालून डबक्यात उडी मारायच्या बेतात असलेला एक वांड. सगळी हसत होती. नव्हती ती फक्त पिवळ्या फ्रॉकवाली.

आणि तिच्यासाठी तर हा सारा खटाटोप. कॉलरवर भरतकामाची बदकं, पायांत चकचकीत बक्कल लावलेली तपकिरी सँडल, सँडलच्या चवड्यावर पाकळ्यांसारखी छिद्रं. पानाच्या तळाला सहा इंचांची छापील पट्टी, आणि शेजारी आयांना सूचना: बाळाची टाच या रेघेवर ठेवा, अंगठा कुठे येतो ते पाहा, आकडा कळवा, बूट टपालानं येतील.

ही पानं शामराव गजभिये यांची. शामराव दाराशीच थबकले होते. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ते छत्तीस वर्षं ट्रेसर होते, म्हणजे साहेबांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून काढायचे. रेल्वे क्लबाची जुनी मासिकं रद्दीत निघाली तेव्हा त्यांनी सायकलवर तीन खेपा करून ती घरी आणली होती. आता ती या दालनाला देऊन टाकलेली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात दोनदा घोकायचे आणि तिसऱ्यांदा गिळून टाकायचे.

"कुलूप काल सातला मोनालीनं लावलं," उल्का म्हणाल्या. दालनाच्या त्या प्रमुख. पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली होती. "रजिस्टरमध्ये तिची सही आहे. चौदा चौकटी, सर्व ठीक. सकाळी कुलूप जसंच्या तसं. किल्ली तिच्याकडे."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या मोनालीनं मान खाली घातली. चोवीस वर्षांची पोरगी, कंत्राटावर होती. शामरावांच्या ऑफिसातल्या मित्राची मुलगी. मित्र गेला, आणि तिच्यासाठी शब्द टाकला तो शामरावांनी. आयुष्यात त्यांनी कुणासाठी टाकलेला तो पहिलाच शब्द.

"जाऊ द्या न मॅडम," शिडीवरून बॅनर बांधणारे निरंजन म्हणाले. पंडरीच्या कापडबाजारातले ते लहान मुलांच्या कपड्यांचे व्यापारी, आणि प्रदर्शनाचे प्रायोजक. "तेरा तर आहेत. पुलीस-बिलीस कायले? पोट्टीचं नाव खराब होईल."

"पान दालनाच्या मालकीचं आहे, निरंजनजी. पाचच्या आत मिळालं नाही तर मला तक्रार द्यावी लागेल, आणि तिचं नाव लिहावं लागेल." उल्का शामरावांकडे वळल्या. "तिचा करार उद्या नवा व्हायचा होता, काका. मला तरी हे आवडतंय का?"

शामरावांनी एक वाक्य मनात जुळवलं. आश्चर्य म्हणजे ते बाहेर पडलं.

"पाच वाजायले सहा तास आहेत," ते म्हणाले.

२

मोनाली मागच्या पायरीवर जाऊन बसली होती. शामराव तिच्या शेजारी टेकले.

"आबाजी, मैंने नहीं लिया."

"मले माहीत आहे. रडून काहून राहिली? काल मोजलं तेव्हा काय पाहिलं, ते सांग."

"चौदा फ्रेम. एक, दो, तीन, करत."

"चौदावी पाहिली?"

"उसपे तो परदा था. मॅडमनी चार वाजताच टाकला होता, उद्घाटनासाठी. मी फ्रेम गिनली आणि..." ती थांबली.

"फ्रेम गिनली. पान नाही."

मोनालीनं वर पाहिलं. शामरावांच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. पान रात्री गेलंच नसेल तर? चार वाजता पडदा पडला, सातला कुलूप लागलं. मधले तीन तास दालन उघडं होतं. उल्का होत्या, हुक ठोकणारा फ्रेमवाला लोकेश होता, बॅनरवाले निरंजन होते. मोनाली स्वतः साडेचार ते सहा पुरानी बस्तीतल्या छापखान्यात लेबलं आणायला गेली होती.

दोघांनी चौकट उतरवून टेबलावर पालथी ठेवली. मागची चिकटपट्टी ब्लेडनं चिरलेली, बारीक खिळे वाकवलेले. पुठ्ठा बाहेर काढला आणि शामराव दचकले. पान पुठ्ठ्यावर चिकटवलेलं होतं, आणि कुणीतरी ते ओरबाडून काढलं होतं. डाव्या कोपऱ्यात कागदाची एक चिंधी तेवढी उरली होती. तिच्यावर छापील पट्टीचा तुकडा होता, शून्यापासून तीन इंचांच्या जरा पुढपर्यंत.

शामरावांचा हात आपसूक खिशाकडे गेला. निवृत्तीला चौदा वर्षं झाली तरी स्टीलची छोटी पट्टी खिशात असायचीच. बाकीचे म्हातारे गोळ्या बाळगतात तशी. त्यांनी ती चिंधीवर टेकवली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा टेकवली.

"क्या हुआ, आबाजी?"

"कागदावरचे तीन इंच," शामराव हळूच म्हणाले, "एक सूत कमी भरून राहिले."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, फ्रेमवाले, ड्रॉइंग ऑफिसातले लोक, सगळे त्याच मापात बोलतात.

लगेच शंकाही आली. कागद आखडतो. ऑफिसात पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी हेच सांगितलं होतं: नकलेवर पट्टी लावून माप घ्यायचं नाही, लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. सत्तर वर्षांचा कागद, आखडला असेल. आणि आपण निघालो हेरगिरी करायला.

पण एक सूत?

३

लोकेश दालनाबाहेर चहा पीत बसला होता. खिळे काढायची पक्कड त्याच्याच पिशवीत, त्यामुळे सकाळपासून सगळे त्याच्याकडे तिरक्या नजरेनं बघत होते, आणि त्याला ते कळत होतं.

"पूछो काका, पूछो. सबसे पहले फ्रेमवालाच चोर राहते."

"तसं नाही रे," शामराव शरमून म्हणाले. "ते पान पुठ्ठ्यावर तू चिकटवलं?"

"मी? जुना कागद मी कधी चिपकवत नाही. माझा बाप मले हाणला असता. पुठ्ठ्यावर चिपकूनच आलतं. निरंजनभैया बोलले, नाजूक आहे, मुडपू नये म्हणून लावलं."

"बाकीची तेरा?"

"सुटी होती. ते बॅनरसाठी घेऊन गेले होते न पानं, हप्ताभर. तिथूनच माझ्या दुकानात आली." लोकेशनं कप खाली ठेवला. "एक गोष्ट होती, पण मी बोललो नाही. मॅडम गुस्सा करते."

"बोल."

त्यानं पिशवीतून मापांची मळकी वही काढली. दहा दिवसांपूर्वीची तारीख, खाली चौदा आकडे. तेरा अगदी सारखे. चौदावा वेगळा.

"एकाच मासिकाची पानं, एकाच साइजची. तेरा माउंट एका मापात कापले. चौदाव्याची खिडकी तीन सूत आत घ्यावी लागली, नाही तर किनारीला पांढरं दिसत होतं. मी सोचलो, साल अलग असेल."

"हव," शामराव म्हणाले. "साल नाही, लोकेश. पान अलग होतं."

४

"काका, प्रत्येक पानाचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवायचा आमचा नियमच आहे," उल्का म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप उघडला. "महिन्यापूर्वी काढले हे. बघा."

पडद्यावर पिवळ्या फ्रॉकवाली आली. पानाच्या तळाला छापील पट्टी, तिला लागून उल्कांची मोजपट्टी. चित्र मोठं करत नेलं. एक इंचाला एक इंच, सहाला सहा, रेघेला रेघ. केसभरही फरक नाही.

शामराव खुर्चीत बसले. मग उठले. त्यांना बसवेना.

"महिन्याभरात कागद एवढा आखडत नाही," ते म्हणाले. "मॅडम, काल इथून चोरीला गेलं ते पानच नव्हतं. नक्कल होती. दुकानात प्रिंट काढतात तेव्हा मशीन चित्र कागदात बसवून घेते, कडेला जागा सोडायला थोडं लहान करते. बघणाऱ्याले नाही कळत. पट्टीले कळते."

"नक्कल कोण चोरेल?"

"ज्याले माहीत आहे की ती नक्कल आहे." शामरावांचे कान लाल झाले होते, इतकं सलग ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. "खरं पान चोरणारा त्याले फुलासारखं उचलते. हे ओरबाडलं, आणि पुठ्ठा परत ठेवला. पुठ्ठा खिशात मावत नाही, कागद घडी करून मावते. मोलाच्या कागदाची कोणी घडी करते काय?"

"पण कालच का? दहा दिवस ती नक्कल चौकटीत होतीच."

"काल पाच वाजता तुम्ही इथं काय सांगितलं?"

उल्का आठवू लागल्या, आणि एकदम त्यांचे डोळे मोठे झाले. उद्घाटनाला रिबीन कापायची नाही, असं त्यांनी काल सगळ्यांना, आणि फोनवरून शामरावांनाही, सांगितलं होतं. चौकट उघडून त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीचा, स्वरदाचा पाय त्या छापील पट्टीवर ठेवायचा, आणि शामराव काका स्टीलच्या पट्टीनं ताडून पाहणार. सत्तर वर्षांपूर्वीची जाहिरात अजून खरं माप सांगते, हे लोकांना दाखवायचं.

"मोनाली तेव्हा छापखान्यात होती," शामराव म्हणाले. "तिनं हे ऐकलंच नाही. नक्कल लोकेशच्या हाती येण्याच्या आधीच झाली होती. त्याच्या आधी पान दोनच जागी होतं. पंडरीत, आणि..." पुढचं वाक्य अडकलं.

"आणि माझ्याकडे," उल्का म्हणाल्या. "बोला ना. मग मी का नाही?"

"नक्कल तुम्ही केली असती, तर पट्टी ताडून पाहायचा कार्यक्रम तुम्हीच काहून ठेवला असता?"

त्या दिवशी पहिल्यांदाच उल्का हसल्या. पण लगेच गंभीर झाल्या. "निरंजनजींना मी कशाच्या जोरावर विचारू? एक चिंधी आणि एक वही? ते म्हणतील, लोकेशनंच बदललं. खरं पान हवं, काका. ते असेल तर."

असेल तर. घड्याळात दोन वाजले होते.

५

मोनालीनं स्कूटी अशी काही दामटली की शामरावांनी पंडरी येईपर्यंत डोळे मिटून घेतले. दुकानात निरंजन नव्हते. जेवायला गेले होते. शामरावांना हायसं वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचा राग आला.

समोरच्या दांडीवर पिवळे फ्रॉक टांगलेले होते, एका रांगेत बारा. उद्घाटनाला येणाऱ्या मुलींसाठी निरंजनांनी खास शिवून घेतलेले. कॉलरवर भरतकामाची बदकं.

शामरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि पट्टी काढली. चोचीपासून शेपटीपर्यंत सव्वा इंच. उल्कांच्या फोटोतही बदक सव्वा इंचाचंच होतं. मोनालीच्या मोबाइलवर दोघांनी दोनदा पाहिलं. नकलेवरून उतरवलं असतं तर बदक लहान भरलं असतं. हे खऱ्या पानावरूनच आलं होतं. त्यांनी फ्रॉक नाकाशी नेला. धुतलेला होता, तरी शिवणीत अगदी पुसट वास राहिला होता.

"रॉकेल," ते पुटपुटले. आणि त्यांना एकाएकी सगळं दिसलं. "मोनाली, यांचा खाकावाला कुठं बसते?"

माळ्यावर. लोखंडी जिन्यानं वर गेल्यावर, कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, नत्थू नावाचा पिकल्या मिशांचा कारागीर मांडी घालून बसला होता. भरतकामाचा खाका करणं हे त्याचं काम. कागदावरच्या चित्राच्या रेघांवर सुईनं दाट भोकं पाडायची, कागद कापडावर अंथरायचा, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं वरून फिरवायची. भोकांतून निळे ठिपके कापडावर उतरतात आणि त्यांवरून बाया टाके घालतात. सुईला लाकडी मूठ होती, घासून गुळगुळीत झालेली.

शामरावांनी घोकलेली सगळी वाक्यं विरून गेली. ते नुसते खाली बसले आणि सुईकडे पाहत राहिले.

"एका इंचात किती भोकं घेता?" त्यांनी विचारलं.

नत्थूनं मान वर केली. असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. "सीधी लाइन में बीस. घुमाव में तीस."

"मी ट्रेसर होतो. रेल्वेत. वळणावर माझाही हात हळू चालायचा."

"मग तर आपण भाऊ झालो." नत्थू खूश झाला. "बदकं पाहिली न खाली? गर्दन पाहिली? चिकना विलायती कागद, सुई अशी जाते जसं लोणी."

"तो खाका आहे काय अजून?"

"खाका कोणी फेकते काय, दादा? भैया बोलले होते फेक. मी नाही फेकला. चांगला खाका वीस वर्षं चालते."

भिंतीवरच्या खिळ्याला खाक्यांचा जाड गठ्ठा लटकत होता. नत्थूनं तळातून एक कागद ओढला आणि अभिमानानं उजेडात धरला. पिवळ्या फ्रॉकवाली. कॉलरभर निळा धब्बा. आणि बदकांच्या, फ्रॉकच्या, सँडलच्या बक्कलाच्या प्रत्येक रेघेतून माळ्याच्या खिडकीचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी आरपार येत होता.

मोनालीनं तोंडावर हात ठेवला. मागे लोखंडी जिना वाजला.

निरंजन वरच्या पायरीवर उभे होते.

६

त्यांनी नत्थूच्या हातातला कागद पाहिला. मग निरंजन एका गठ्ठ्यावर बसले.

"मी त्याले फक्त म्हटलं, हे बदक उतरवून दे," ते म्हणाले. "पाहून काढ, असं म्हणायचं राहून गेलं."

"कागद दिला तर मी सुई मारणारच न, भैया," नत्थू गोंधळून म्हणाला. "काय झालं?"

त्याची काहीच चूक नव्हती. त्याच्या हातात आलेला प्रत्येक कागद आजवर खाकाच होता.

निरंजनांनी भोकं पाहिली तेव्हा उशीर झाला होता. बॅनरसाठी केलेलं स्कॅन होतंच. कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट काढली, मागची कोरी बाजू कळू नये म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवली. काल पाय मोजायचं ऐकलं आणि नक्कल उघडी पडणार हे कळलं. उल्का फोनवर होत्या, लोकेश पिशवी तिथंच ठेवून चहाला गेला होता. दोन मिनिटांचं काम.

"दिवसभर कापड मोजतो मी," निरंजन कडवट हसले. "कागद मोजायचं नाही सुचलं. आपलं नाव बोर्डावर आहे, लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. पुलीस नको म्हणून मी बोललो ना, काका? पोट्टीसाठीच बोललो."

शामरावांना भांडता येत नव्हतं. पण त्या क्षणी त्यांना कळलं की न घोकलेलं वाक्यही आपल्याला बोलता येतं.

"बोललात," ते म्हणाले. "शिडीवरून बोललात. ती खाली उभी होती, तिचं नाव लिहायची गोष्ट चालली होती, आणि कागद तुम्हीच खिशात घालून नेला होता."

निरंजनांनी मोनालीकडे पाहिलं. मोनालीनं नजर हलवली नाही.

"चला," ते उठून म्हणाले. "मॅडमना मीच सांगतो."

त्यांनी सांगितलं, दालनाच्या मधोमध उभं राहून, लोकेशच्या समोर. प्रायोजक म्हणून आपलं नाव काढून टाका, असंही म्हणाले. उल्कांनी ऐकून घेतलं. मग सकाळी काढून घेतलेली किल्ली टेबलावरून उचलून त्यांनी मोनालीच्या हातात ठेवली.

"सकाळी मी तुझी सही पाहिली आणि तुला विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "ते चुकलं माझं. कराराचे कागद उद्या नाही, आत्ता करू. पण हे पान आता कसं लावायचं?"

"जसं आहे तसं," मोनाली म्हणाली. "पण मागे दिवा लावू."

लोकेशनं चौकटीचा पुठ्ठा काढून टाकला, माउंटची खिडकी तीन सूत मोठी कापली, आणि मागे एक पांढरा दिवा बसवला. दिवा लागला तशी सगळ्यांनीच मान पुढे केली. रंगीत चित्राच्या आत उजेडाचं दुसरं चित्र उमटलं होतं, ठिपका न् ठिपका. मोनालीनं छापलेलं लेबल काढलं आणि हातानं नवं लिहिलं: मूळ पान, विलायती. भोकं पंडरीची, कारागीर नत्थू.

पाचला दहा कमी असताना तिनं रजिस्टर उघडलं आणि चौकटी मोजायला सुरुवात केली. चौदावीवर पुन्हा पडदा टाकलेला होता. तिनं पडदा उचलला, पान पाहिलं, पडदा खाली सोडला, आणि मगच सही केली.

पाचला दालन भरलं. बारा पिवळे फ्रॉक पहिल्या रांगेत चुळबुळ करत होते, आणि मागे कोपऱ्यात नत्थू नवा शर्ट घालून उभा होता. पडदा सरकला. काच उघडून पान बुटक्या टेबलावर ठेवलं गेलं. स्वरदानं चप्पल काढली, गुदगुल्या होतात म्हणून खिदळली, आणि टाच रेघेवर टेकवली. अंगठा पाच इंच तीन सुतांवर आला.

शामरावांनी स्टीलची पट्टी शेजारी लावली. पाच इंच तीन सूत. तळ्यावरच्या भेळवाल्याची घंटा आत ऐकू येत होती.

"लिहू, आबाजी?" मोनालीनं पेन टेकवून विचारलं.

"थांब," शामराव म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, खाली वाकून पुन्हा एकदा मोजलं.

"लिही."